शेंदरी दगडापासून डावीकडे

सोनई,
दसऱ्यानंतरचा बुधवार

ती. मुक्ताआक्का हिच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या बन्सीचा नमस्कार. (डोकं मनातल्या मनात ठेवलं आहे. कमरेतून वाकणं सध्या बंद आहे, त्याचं कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींची साखर उतरली, की अजून तू पाठ वळवलीस की चहात चमचा बुडतो? इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. म्हशी खुशाल आहेत, ऊस खुशाल आहे, तुझी भावजय तर जरा जास्तच खुशाल आहे. मी मात्र रविवारपासून पोटऱ्यांना तेल चोळून खाटेवर पडलो आहे आणि उशीवर ताट पालथं घालून त्यावर कागद ठेवून हे लिहितो आहे, म्हणून अक्षराला हसू नये.

मोबाईल असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. आक्का, तुझा मोबाईल कायम स्पीकरवर असतो. मागच्या खेपेला मी तुला मूळव्याधीचं औषध विचारलं (एका मित्रासाठी, असं स्पष्ट सांगितलं होतं) आणि पुढच्याच आठवड्यात नेवाश्याच्या भर बाजारात तुझ्या शेजारच्या भीमामावशीनं मला लांबूनच विचारलं, 'काय बन्सी, आता बसायला जमतं का रं?' तेव्हापासून नाजूक विषय कागदावर, असं मी ठरवलं आहे. पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या रामच्या हाती देतो. त्याला वाचनाची अजिबात आवड नाही, तेवढीच खात्री.

तर विषय आपल्या लेकीचा, ज्ञानेश्वरीचा. तू जमवून आणलेल्या स्थळाचं रविवारी काय झालं ते ऐकायला तू उतावीळ झाली असशील. कानिफनाथराव तुला अजून काही बोलले नसतील. त्यांच्याही पोटऱ्यांना तेल चालू असणार. ज्ञानूला अकोले तालुक्यात, पार भंडारदऱ्याच्या पलीकडे जनावरांची डॉक्टर म्हणून नेमणूक मिळाली, तेव्हा आपण दोघांनी बसून ठरवलं होतं, की काढू दे थोडे दिवस तिकडे, मग बदली करून इकडे आणू आणि जवळच्याच चांगल्या घरात देऊ. पोरगी तिकडे रमेल ही गोष्ट आपण धरलीच नव्हती. मग तू हे घर काढलंस. कानिफनाथराव आणि प्रेमलाबाई, तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारी सरळ माणसं, आणि मुलगा केदार साखर कारखान्यात इंजिनियर. बोलणी तुझ्यामार्फत झाली, त्यात बदली धरलेलीच होती आणि दाजींनी त्यांच्या ओळखीच्या साहेबांकडे तसा शब्दही टाकून ठेवला. लेक नेवाश्यात, म्हणजे मोटारसायकलला किक मारली की मी तिच्या दारात. ह्या एका विचारावर मी उन्हाळा काढला आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. आता राहिला होता तो फक्त बघण्याचा कार्यक्रम.

इथून घोटाळ्याला सुरुवात झाली. ज्ञानू म्हणाली, जनावरांचं लसीकरण चालू आहे, मला रजा नाही, त्यांनाच रविवारी इकडे बोलवा. जिथून खाली कोकण दिसतं अशा एका पॉइंटवर मी सगळ्यांना घेऊन जाते. पोहे खाताना सगळी माणसं सारखीच दिसतात, डोंगर चढताना कोण कसं ते कळतं, हे तिचं म्हणणं. मी म्हटलं, झालं, मोडलं स्थळ. पण केदारनं हो म्हटलं, आणि आम्हा चौघा मोठ्यांची समजूत अशी, की पॉइंट म्हणजे तिथे गाडी जाते, लोखंडी कठडा असतो, शेजारी भज्यांची गाडी असते, फोटो काढायचा आणि परत यायचं. ह्या समजुतीवर तुझ्या भावजयीनं तयारी केली. पोहे, चकल्या, प्रेमलाबाईंसाठी ओटीचं सामान, चहाचा मोठा थर्मास, आणि आमच्या वास्तुशांतीला तू दिलेल्या त्या निळ्या फुलांच्या कपबश्या. कागदी कप घे म्हटलं तर माझ्यावरच उखडली. 'व्याही होनाऱ्या मानसांना कागदात चहा देऊ? तोंडावर थुकतील लोक.' त्या कपबश्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत गेल्या आणि पिशवी माझ्या खांद्यावर आली. पुढे दिवसभर मी चाललो की छातीशी देवळातल्यासारखी किणकिण होत होती.

संगमनेरला दोन्ही गाड्या एकत्र झाल्या. मी पांढराशुभ्र पायजमा, सदरा, टोपी. कानिफनाथराव माझ्याहून पांढरे, आणि पायात करकर वाजणाऱ्या कोऱ्या चपला. प्रेमलाबाईंनी काठपदराची साडी नेसली होती, पण खाली मुलाचे खेळायचे बूट घातले होते. तेव्हा आम्ही मनातून हसलो. (हे तू त्यांना सांगू नकोस. दुपारनंतर त्या बुटांकडे मी ज्या नजरेनं बघितलं तसं मी कधी ट्रॅक्टरकडेही बघितलेलं नाही.) डोंगराखालच्या वस्तीत ज्ञानू उभी होती. साडी नेस, असं मी फोनवर विनवलं होतं. तिच्या अंगात पँट, पायात बूट, डोक्याला टोपी आणि पाठीवर बॅग. सगळ्यांच्या पाया मात्र पडली. मी म्हटलं गाडी कुठवर जाते, तर म्हणाली, इथवरच.

पाया पडून ती उभी राहते न राहते तोच वस्तीतली एक बाई धावत आली, गाय अडली आहे म्हणून. ज्ञानू आम्हाला म्हणाली, तुम्ही सावलीत बसा, मी येते. केदार म्हणाला, मी येतो बॅग धरायला. पाहुण्यांना गोठ्याबाहेर बसवून ठेवणं मला बरं दिसेना, म्हणून मीच म्हटलं, आम्ही हळूहळू पुढे होतो. तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन नीट सांगितलं होतं. 'आबा, वाट सोपी हाय. शेंदूर लावलेला दगड लागंल, तिथं उजवीकडं वळा. डावीकडं जाऊ नका, ती गुरांची वाट हाय, पुढं रानात जाऊन संपती.' हे तिनं मला सांगितलं, मी ऐकलं आणि मला समजलंही होतं. हे सगळं लक्षात ठेव.

आता आक्का, पाहुण्यांच्या पुढे कसं चालायचं? मी हात लांब करून म्हटलं, चला. ते म्हणाले, चला. मी म्हटलं, तुम्ही पुढे. ते म्हणाले, छे, तुम्ही. पायवाटेच्या तोंडाशी आमचं हे इतका वेळ चाललं, की वस्तीतली एक शेळी कंटाळून आमच्या मधून पुढे निघून गेली. शेवटी मानानं मोठे म्हणून कानिफनाथराव पुढे, त्यांच्या मागे प्रेमलाबाई, मग तुझी भावजय आणि सगळ्यांच्या शेवटी वाट माहीत असलेला एकुलता एक माणूस. शेंदरी दगड आला. कानिफनाथराव थांबले, नमस्कार केला, जरा घुटमळले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी अदबीनं म्हटलं, चला की. ते डावीकडे वळले.

'उजवीकडं' हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. पण तूच सांग, मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला पहिल्याच भेटीत, तेही दोघांच्या बायकांसमोर, 'तुम्ही चुकलात' असं म्हणायचं? माझा चेहरा बघून तुझ्या भावजयीला काय ते कळलं आणि तिनं कोपर मारलं. मी डोळे वटारले. मनात म्हटलं, थोडं पुढे गेल्यावर त्यांच्याच लक्षात येईल. नाहीतर ही वाटच पुढे उजवीकडे वळेल. डोंगर आहे, वर तर जायचं. अशी स्वतःचीच समजूत घालत मी मुकाट्यानं मागून चालत राहिलो, आणि पिशवी किणकिणत राहिली.

रान मात्र काय होतं म्हणून सांगू! आपल्याकडे उसाच्या फडात शिरलं की चारी बाजूंनी ऊसच, दुसरं काही नाही. इथे हिरड्याची, जांभळाची जुनी झाडं, त्यांच्यावर शेवाळ, खाली अंधार, आणि मध्येच एखादी मोकळी जागा पिवळ्या सोनकीनं भरलेली. वरच्या फांदीवरून एका शेकरूनं (मांजरापेक्षा मोठी खार समज) अर्धवट खाल्लेलं फळ नेमकं माझ्या टोपीवर टाकलं. कानिफनाथराव म्हणाले, शुभशकुन. मी म्हटलं, व्हय व्हय. मग कारवीचं दाट रान लागलं, वाट अरुंद झाली, मग ती वाट आहे की आपल्याला तसं वाटतंय असं झालं. एका ओघळीत उतरताना कानिफनाथरावांच्या चपलेचा अंगठा तुटला. मी माझ्या चपला काढून पुढे केल्या. ते घेईनात. मग पाहुणा अनवाणी आणि यजमानाच्या पायात चपला, हे मला कसंसंच झालं, म्हणून मीही काढून हातात घेतल्या. म्हणजे आमच्या दोघांत मिळून तीन धडधाकट चपला होत्या आणि आम्ही दोघे काट्यांतून अनवाणी चाललो होतो. वरून धुकं उतरलं. पुढचे कानिफनाथराव पांढऱ्या कपड्यांमुळे आधी दिसेनासे झाले.

शेवटी प्रेमलाबाई एका दगडावर बसल्या. 'आता म्या हितनं हालायची न्हाई. आधी चहा द्या,' म्हणाल्या. त्या रानात, धुक्यात, तुझ्या भावजयीनं बश्यांसकट चहा दिला. कानिफनाथरावांनी बशीत ओतून फुर्रकन ओढला तेव्हा कुठे त्यांना कंठ फुटला. मग प्रेमलाबाईंनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, 'बन्सीभाऊ, खरं सांगा. ही वाट बरोबर हाय का?' मी कपात बघितलं. तुझी भावजय म्हणाली, 'न्हाई. त्यांना त्या शेंदराच्या दगडापासनं ठावं हाय.' मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. (त्या उतारावर ते अवघड नव्हतं.) पण कानिफनाथराव कपाळावर हात मारून म्हणाले, 'आवो, म्या थांबलो तिथं तुमच्यासाठी! मला वाटलं तुमी सांगताल. तुमी म्हनले चला की, मला वाटलं हीच.' आणि ते असे हसायला लागले, की बशी हिंदकळून चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. मग आम्ही चौघेही हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो आक्का, कितीतरी वर्षांनी.

हसण्याच्या भरात ते आणखी एक बोलून गेले. म्हणाले, त्या बदलीचंही असंच झालंय. आमची काही अट नव्हती, तुम्हाला लेक जवळ हवी असं मुक्ताबाईंकडून कळलं म्हणून आम्ही हो म्हणालो. मी ते हसण्यावारी नेलं आणि त्यांना आणखी चकली दिली.

एवढ्यात खालून हाक आली. ज्ञानूची! ती आणि केदार कारवी बाजूला सारत वर आले. आम्ही सापडलो कसे, तर तुझ्या भावजयीनं रिकाम्या कपबश्या पिशवीत भरल्या त्याचा आवाज धुक्यात खालपर्यंत गेला. 'ह्या रानात बशीत चहा पिनारी मानसं दुसरी कुठली असनार?' असं ज्ञानू म्हणाली. गाय सुखरूप सुटली होती, कालवड झाली होती. केदारच्या शर्टाची दशा बघवत नव्हती, आणि त्यानं स्वतःच सांगितलं, की बॅग धरायला गेलो आणि गोठ्यातच चक्कर येऊन बसलो, मग डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि नंतर गाईकडे बघितलं. हे तो आपल्या आईबापांसमोर आणि होणाऱ्या सासऱ्यासमोर खुशाल सांगत होता. मला तो मुलगा त्या क्षणी आवडला. दिवसभरात खरं ते न विचारता सांगणारं तेच एक माणूस मला भेटलं होतं.

त्यानंतर ज्ञानू पुढे चालली आणि आम्ही सगळे मागे. सुनेनं सासऱ्यापुढे चालावं की नाही ह्याचा कुणाला विचारही सुचला नाही. कुठे पाय ठेवायचा, कुठल्या फांदीला धरायचं, सगळं ती न बघता सांगत होती. वाटेत भेटलेल्या माणसांनी तिला शेळीचं, खोंडाचं विचारलं, तिनं उत्तरं दिली, कुणाकुणाला नावानं ओळखलं. ही आपली ज्ञानू, जी विहिरीच्या काठाशी जायला माझा सदरा धरायची.

वर पोचलो तेव्हा धुकं उचललं होतं. समोर कडा सरळ तुटलेला आणि खाली, फार खाली, कोकण. आणि आम्ही चौघे म्हातारे कोकणाकडे पाठ करून उभे! मी उगवतीकडे सोनई शोधत होतो, कानिफनाथराव नेवासा शोधत होते. दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणी बोट केलं आणि (सवयीप्रमाणे) दोघांनी एकमेकांचं मान्य केलं. ज्ञानू म्हणाली, 'आबा, हिकडं बघा ना. घर काय पळून जातंय का?' मग मी वळून बघितलं. छान होतं. पण मला राहून राहून पुन्हा उगवतीकडे बघावंसं वाटत होतं, तेव्हा तीच माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं खालचं धरण दाखवलं. हे पाणी प्रवरेनं आत्याच्या नेवाश्याला जातं, म्हणाली. आणि त्या पलीकडच्या रांगेतून मुळा निघते, ते आपल्या उसाचं पाणी. आक्का, पाण्याची पाळी चुकू नये म्हणून मी जन्मभर पाटावर उभा राहिलो, भांडलो, एकदा भाऊबंदांवर फावडं घेऊन धावलो (तूच सोडवलंस). पण हे पाणी येतं कुठून, ते बघायला मी कधी आलो नव्हतो.

असो. एकंदरीत कार्यक्रम पार पडला, ओटी भरली, पोहेही खाल्ले. स्थळ उत्तम आहे. मुलाचा आणि मुलीचा होकार आहे असं दिसतं. तेव्हा दाजींना सांगून बदलीसाठी त्या साहेबांकडे जरा जोर लाव, आणि ज्ञानूला फोन करून त्या पँटबद्दल चार शब्द सुनाव. ती माझं ऐकत नाही. दाजींना नमस्कार, भीमामावशीला मी बसू शकतो असा निरोप.

तुझा धाकटा,
बन्सी

ता. क. – पाकीट भाताच्या शितानं चिकटवून झालं होतं, पुन्हा उघडलं. तुझ्या भावजयीनं विचारलं, 'उतरताना पोरगी काय बोलली ते लिव्हलं का?' ते लिहिलं नव्हतं. उतरताना शेंदरी दगडापाशी मी दम खायला बसलो. बाकीचे पुढे गेले, ज्ञानू माझ्याजवळ थांबली. मी विचारलं, बदलीला तुझी काही हरकत नाही ना? ती गवताची काडी मोडत राहिली. मग म्हणाली, 'तुमी म्हनाल तसं, आबा. म्हनाल तर येते.' वर बघितलं नाही. अदबीनं म्हणाली. आणि आक्का, मला ओळखू आलं ते. सकाळी त्याच दगडापाशी मी 'चला की' म्हणालो होतो, ते अगदी असंच. वाट चुकते आहे हे तिला माहीत आहे, पण पुढे बाप आहे, मग सांगायचं कसं? माझीच लेक ती. तेव्हा मी काही बोललो नाही, गाडीतही नाही, आणि वरचं सगळं पत्र लिहिलं तरी नाही. आता लिहितो. बदली थांबव. दाजींना आजच सांग, तो शब्द मागे घ्या म्हणून. आणि कानिफनाथरावांकडे स्वतः जाऊन सांग, की पोरगी डोंगरातच राहणार, बघा जमत असेल तर. स्थळ राहिलं तर मला आनंद होईल. गेलं तर मी कुणाला दोष देणार नाही. ती जवळ असावी असं मला अजूनही वाटतं आणि मरेपर्यंत वाटेल. पण ते माझं आहे, ते मी बघेन.

ता. क. दुसरा – येताना केदार आमच्या गाडीत बसला होता. त्यानं मला विचारलं, अकोल्याच्या बाजूला साखर कारखाना कुठे आहे? मी झोप लागल्यासारखं केलं. कानिफनाथरावांकडे जाशील तेव्हा केदारला सांग, की कारखाना कुठे आहे ते बन्सीभाऊंना माहीत आहे आणि ते जागे आहेत.

ता. क. तिसरा – उतरताना तुझ्या निळ्या फुलांची एक बशी फुटली. तुझी भावजय म्हणाली कळवू नका, म्हणून कळवतो. उरलेल्या तिनं ज्ञानूकडे ठेवून दिल्या. तिथे पाहुणे गेले तर चहा कशात देणार, म्हणाली. दिवाळी झाली की आम्ही दोघे पुन्हा जाणार आहोत, तेव्हा दाजींचे ते जुने कॅन्व्हासचे बूट टाकले नसतील तर रामच्या हाती पाठव.

ता. क. शेवटचा – उत्तर पत्रानं नको, फार दिवस जातील. फोनच कर. स्पीकरवर असला तरी चालेल, भीमामावशीलाही जवळ बसव. ह्या खेपेला मी मोठ्यानंच बोलणार आहे.